तुमच्या गोष्टीत आमचं पुणं कशाला?

'क्राइम पेट्रोल'च्या निर्मात्यांनो आणि तो दाखवणाऱ्या वाहिनीवाल्यांनो,

२७ डिसेंबर २०२२चा तो भाग तुम्ही विसरला नसाल. 'अहमदाबाद-पुणे मर्डर' असं नाव दिलं होतंत. लोक खवळले, तसा तो मागे घेतलात, दिलगिरीचं निवेदन काढलंत आणि तुमच्यापुरता विषय संपला. माझा संपलेला नाही.

माझ्याकडे कॉट बेसिसवर मुली राहतात. नोकरीला येणाऱ्या, शिकायला येणाऱ्या. तुमचा कार्यक्रम आम्ही करमणूक म्हणून बघत नव्हतो. कॅबचा नंबर घरी कळवून ठेव, हे मी सांगितलं की कटकट वाटायची. तुम्ही सांगितलंत की पटायचं. कारण तुम्ही घडलेलं दाखवता, असा विश्वास होता. सतर्क राहा, सुरक्षित राहा, हे तुम्हीच सांगत आलात ना?

मग त्या रात्री काय दाखवलंत? बरोबर राहणाऱ्या मुलीचा खून, देहाचे तुकडे, फ्रिज. वसईच्या एका मुलीचा दिल्लीत असाच खून झाल्याची हकीकत सगळ्या देशानं महिन्याभरापूर्वीच वाचली होती. विचारल्यावर म्हणालात, ही काल्पनिक कथा आहे, २०११मधल्या काही घटनांवर बेतलेली आहे, ताज्या प्रकरणाशी संबंध नाही. हे कुणाला पटावं अशी अपेक्षा होती?

नावं बदललीत, त्याबद्दल तक्रार नाही. तपास चालू असताना ती बदलायलाच हवीत. पण मुलगी ख्रिश्चन केलीत, मारणारा हिंदू केलात. खुनाला धर्म चिकटवू नये असं मी मानते, म्हणूनच विचारते: दोघांचे धर्म बदलून धर्माच्याच वादाला तोंड का फोडलंत? दोन दिवस सगळे धर्मावरच भांडत बसले. त्या मुलीबद्दल कोण बोललं?

तिनं नोव्हेंबर २०२०मध्ये नालासोपाऱ्याच्या तुळींज पोलिसांना लेखी कळवलं होतं, की बरोबर राहणारा मला मारतो, तुकडे करून फेकून देण्याची धमकी देतो. नंतर तिनं ती तक्रार मागे घेतली. मे २०२२मध्ये ती मारली गेली. सतर्क राहा म्हणणाऱ्यांना याहून मोठं काय सांगायचं असतं? मार खाणारी पोरगी तक्रार मागे का घेते, त्या वेळी कुणी तिच्याशी एकटीशी बोलायला हवं होतं का, हे माझ्या मुलींना कळायला हवं होतं. पण त्यासाठी नालासोपाऱ्याचं, वसईचं नाव घ्यावं लागलं असतं. तुम्ही पुण्याचं घेतलंत.

एका मुलीच्या आईचा नाशिकहून फोन आला, "काकू, पुण्यात असं झालंय का हो?" मी काय सांगायचं होतं?

पुण्याला स्वतःच्या जखमा कमी नाहीत. २००७मध्ये बीपीओत रात्रपाळीला निघालेली मुलगी कंपनीच्याच कॅबमधून गहुंज्याला नेली गेली. तिला मारणाऱ्या दोघांची फाशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिली, पण अंमलबजावणीत इतकी दिरंगाई झाली, की २०१९मध्ये उच्च न्यायालयानं ती रद्द करून ३५ वर्षांची कैद दिली. २००९मध्ये खराडीहून घरी निघालेली संगणक अभियंता घरी पोचलीच नाही. तिच्या खुनाच्या निकालाला २०१७ उजाडलं. पुण्याचं नावच हवं होतं, तर हे सांगायचं होतंत. इथं दाखल झालेलं आहे, न्यायालयात सिद्ध झालेलं आहे.

वसईच्या त्या मुलीचे वडील फेब्रुवारी २०२५मध्ये गेले. लेकीचे अवशेष पुरावा म्हणून अडकून पडलेले, अंत्यसंस्कार करता आले नाहीत. ते हयात असतानाच तुम्ही तो भाग दाखवला होतात.

तुमच्या निवेदनात प्रेक्षकांच्या भावना दुखावल्याची दिलगिरी होती. त्या घराची माफी कुठं होती? आणि २०११मधल्या त्या घटना कोणत्या, कुठल्या गावच्या, हे आजही सांगता येईल ना? मग सांगा.