कॉर्ड पाठ नको, उमजायला हवी

स्नेहसंमेलन असो वा जयंतीचा कार्यक्रम, की-बोर्डवर बसण्यासाठी मुलांत चढाओढ लागते, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र कोणत्या कॉर्ड वाजवतोस, असे विचारल्यास बहुतेक मुले ‘सी, एफ, जी’ ही अक्षरे घडाघडा म्हणून दाखवतात. गायकाने पांढरी एक सोडून काळी दोनमध्ये सूर धरला की ही अक्षरे कुचकामी ठरतात. आमच्या मते हे पाठांतर झाले, विद्या नव्हे.

वस्तुतः कॉर्डचे सारे मर्म आपल्या सरगमात आहे. एक स्वर घ्यावा, पुढचा सोडावा, त्यापुढचा घ्यावा. अशा रीतीने ‘सा’पासून सा-ग-प, ‘म’पासून म-ध-सा आणि ‘प’पासून प-नी-रे हे स्वरसमूह तयार होतात. या तिन्हींत मिळून सातही शुद्ध स्वर येतात. म्हणूनच शुद्ध स्वरांतील कितीतरी साध्या गाण्यांना एवढ्या तीन कॉर्ड पुरतात. ‘सा’ कोणत्याही पट्टीवर धरा, ही मोजणी बदलत नाही.

क्रमाचा अर्थही यातूनच उलगडतो. सा-ग-प हे घर. म-ध-सा म्हणजे घराबाहेर पडणे. पण ‘सा’चा धागा हातात असतो. प-नी-रे मधील ‘नी’ ‘सा’च्या अगदी दाराशी उभा असतो, त्यामुळे कानाला परतीची ओढ लागते. जर्मन संगीतकार पाखेलबेल (१६५३–१७०६) याच्या ‘कॅनन’ या रचनेत सा, प, ध, ग, म, सा, म, प हा आठ पायऱ्यांचा क्रम अखेरपर्यंत फिरत राहतो. शेवटच्या ‘प’ला पुन्हा ‘सा’ची ओढ असते, म्हणून आवर्तन तुटत नाही.

‘आपले संगीत रागाचे, त्यात कॉर्ड कशाला?’ असा आक्षेप काही जाणकार घेतात. तो अगदीच निराधार नाही. भूप रागात ‘म’ आणि ‘नी’ वर्ज्य आहेत. तेथे म-ध-सा किंवा प-नी-रे वाजवल्यास रागच बिघडेल. परंतु कॉर्ड कोठे वाजवू नये, हे कळण्यासाठीही ती कशाची बनली आहे, हे ठाऊक असावे लागते. शिवाय समूहगीते, चित्रपटगीते आणि गावोगावचे वाद्यवृंद कॉर्डवरच उभे आहेत. तेथे कोणत्याही पट्टीत साथ करू शकणाऱ्या वादकाला मान मिळतो आणि चार पैसेही मिळतात.

ज्या पालकांना खासगी शिकवणीचा खर्च पेलत नाही, त्यांच्या पाल्यांना हे ज्ञान शाळेतच मिळाले पाहिजे. त्यासाठी एक पेटी, फळा आणि आठवड्याचा एक तास पुरे. जे माजी विद्यार्थी आज वाद्यवृंदांत वाजवतात, त्यांनी हा तास घ्यावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. मुलांना तयार अक्षरे लिहून देऊ नयेत. त्यांच्याकडून ‘सा’पासून मोजून घ्यावे.