डोळ्याचं ‘प्रेशर’ आणि बीपीची गोळी

दारव्ह्याकडचे एक शेतकरी काका दीड वर्षापूर्वी आमच्या तपासणीच्या खोलीत आले, ते दाराच्या चौकटीवर खांदा आपटूनच. समोरचा तक्ता त्यांनी जवळजवळ शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. बाजूचं मात्र काही दिसत नव्हतं. त्याच्या आठ महिने आधी त्यांनी एके ठिकाणी डोळे तपासून घेतले होते. ‘प्रेशर वाढलंय, ट्रीटमेंट सुरू करा’ एवढंच त्यांना तिथे सांगितलं गेलं. काकांनी ट्रीटमेंट केली, रोज सकाळी, न चुकता. खिशातून पाकीट काढून दाखवलं. रक्तदाबाची गोळी होती ती.

यवतमाळ जिल्ह्यात नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून मला बावीस वर्षं झाली. दरवर्षी ऑप्टोमेट्रीची मुलं-मुली शिकायला येतात. हुशार असतात, कष्टाळू असतात. कॉर्निआ, आयरिस, लेन्स, रेटिना घडाघडा सांगतात. ‘आता हेच या बाबांना सांग’ म्हटलं की गप्प होतात. डोळ्याच्या भागांची नावं आणि कामं पेशंटच्या बोलीत सांगता येत नसतील, तर त्या विद्यार्थ्याची शरीररचना शिकून झालेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत याला गुण हवेत. गुण ठेवल्याशिवाय मुलं शिकत नाहीत, आणि त्यात त्यांची चूकही नाही.

काकांना झाला होता काचबिंदू. आपल्याकडे मोतीबिंदू आणि काचबिंदू ही भावंडंच वाटतात, आणि घात तिथेच होतो. मोतीबिंदू भिंगाचा. भिंग गढूळ होतं, ते काढून नवं बसवलं की नजर परत येते. ‘मॅडम, कापूस घरी येऊ द्या, अजून पिकला नसन,’ हे मी दर हिवाळ्यात ऐकते. आता मोतीबिंदू पिकायची वाट पाहावी लागत नाही. तरी चार महिने थांबलात, तर बहुतेकांचं भागून जातं. काचबिंदू मात्र नसेचा. डोळ्याच्या आत एक पाणी सतत तयार होतं आणि बारीक वाटेने बाहेर जातं. हे अश्रूंचं पाणी नव्हे. त्याचा दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. निचऱ्याची वाट अडली की दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे तंतू मरत जातात. बहुतेकांना दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेची नजर जाते, आणि गेलेली परत येत नाही. मी सांगते, काळ्या रानात पाणी साचलं की पऱ्हाटी उभ्या उभ्या पिवळी पडते ना, तसं. लगेच कळतं.

‘बुबुळ’ हा शब्द तर आम्हीच घोळात टाकलाय. दहावीच्या पुस्तकात बुबुळ म्हणजे आयरिस, बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा. त्याच्या पुढची पारदर्शक काच ते पारपटल. बातम्यांत मात्र ‘बुबुळ रोपण’ म्हणतात, आणि तिथे असतं पारपटल. नेत्रदानासाठी घरच्यांशी बोलायला मृत्यूनंतर सहा तासांच्या आत गाठावं लागतं. अशा वेळी ‘डोळ्याचं काळं काढणार का?’ असं एखाद्या माउलीने विचारलं, तर उत्तर चाचपडत देऊन चालत नाही.

हे पारपटल जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचं. त्यात रक्तवाहिनी नाही, नसा मात्र इतक्या की कुसळ गेलं तरी जीव कासावीस होतो. वरचा थर खरचटला तर काही दिवसांत, डाग न ठेवता भरून येतो. जखम खोल गेली की पांढरा व्रण राहतो, तेच आपलं ‘फूल पडणं’. पऱ्हाटीचं टोक किंवा तुरीचं धसकट लागून बुरशी शिरली आणि वर दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब घातले, की फूल ठरलेलं. ‘कॉर्निअल ओपॅसिटी’ म्हणणाऱ्या मुलाला ‘डोयात फूल पडलं’ कळायलाच हवं.

आणि बाहुली. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात आपल्या जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. कित्येकांची तक्रार होती, धुरकट दिसतं. मोनोक्रोटोफॉसच्या जातीची विषं नसांचा निरोप थांबवणारी यंत्रणाच बंद पाडतात. स्नायू आकसलेलेच राहतात आणि बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. डोळ्यांना धार, तोंडाला लाळ, अंगाला घाम. ‘बाहुली बारीक झाली का बघा’ हे पाच शब्द आशाताईला आणि शेतमालकाला ठाऊक असले, तर गाडी तासभर आधी निघते.

मी मुलांना एक वही घालून दिली आहे. एका बाजूला पुस्तकातलं नाव, दुसऱ्या बाजूला पेशंटच्या तोंडचं: वडस, रांजणवाडी, खुपऱ्या, लासूर. गोरमाटीचा रकाना एका बंजारा मुलीने अर्धा भरला. कोलामीचा अजून कोराच आहे. कोलाम पोडावरून येणारी म्हातारी माणसं मानेनेच हो म्हणतात, तेव्हा त्यांना काय समजलं, या विचाराने मला रात्री झोप लागत नाही.

दारव्ह्याचे काका दर तीन महिन्यांनी येतात. थेंब चालू आहेत, उरलेली नजर टिकून आहे. परवा एका पहिल्या वर्षाच्या मुलाने दाब मोजला. काकांनी हनुवटी पट्टीवरून उचलली आणि विचारलं, ‘काय पोरा, निचरा बरा हाये का?’