न दिसणारे शिफारसपत्र
अमेरिकेत विद्यापीठाच्या अर्जासोबत शाळेचा समुपदेशक गुणपत्रक आणि शिफारसपत्र पाठवतो; ते पत्र पाहण्याचा हक्क विद्यार्थी बहुधा सोडून देतात. प्रवेश हुकला की पालकांचा संशय त्या कागदावरच जातो. वॉशिंग्टनमधली सिडवेल फ्रेंड्स ही १८८३ सालची, क्वेकर या ख्रिस्ती पंथाची शाळा; २०१९च्या सुमारास तिचे वार्षिक शुल्क ४० हजार डॉलरहून अधिक होते. शाळेने आकसाने मुलीचे प्रवेश बिघडवले, असा दावा तिथल्या एका कुटुंबाने लावला. खालच्या न्यायालयांत तो टिकला नाही. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सुनावणी नाकारली. त्याच सुमारास समुपदेशकांना वाट्टेल ते बोलणाऱ्या, इतर मुलांविषयी अफवा पसरवणाऱ्या पालकांना शाळेने लेखी ताकीद दिली. ताकीद योग्यच होती, कारण अशा अफवांत पोळतात ती मुले. दाव्यांचे म्हणाल तर, गुणदानासारख्या शैक्षणिक निर्णयांत अमेरिकी न्यायालये सहसा हात घालत नाहीत. करारातले ठोस वचन मोडल्याचा पुरावा मात्र तपासतात.