पहिली नेमणूक कुठे?

बी.एस्सी. रसायनशास्त्राची पदवी तीच, गुणही तेवढेच; तरी खालापूर-खोपोली पट्ट्यात मुलगा बहुधा प्लांटमध्ये लागतो आणि मुलगी लॅबमध्ये नाहीतर ऑफिसात. मूळ पगार सारखा असला तरी शिफ्ट भत्ता आणि ओव्हरटाइम मुलालाच मिळतो. नव्या पदवीधरांच्या पगारातली तफावत बरीचशी या वाटणीतून येते, आणि कायदा नेमका तिथेच थिटा पडतो. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीविरुद्ध स्टेनोग्राफर ऑड्री डिकॉस्टा 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या, कारण तेच काम करणाऱ्या पुरुषांना जास्त पगार होता. कंपनीला परवडत नाही, ही सबबही न्यायालयाने मानली नाही. पण लॅबमधल्या मुलीने तुलना कोणाशी करायची? 1976 च्या समान वेतन कायद्याने भरतीतला भेदभावही निषिद्ध ठरवला होता, मात्र जिथे दुसऱ्या कायद्याने स्त्रियांना बंदी आहे ती कामं वगळून. आणि 1948 च्या कारखाना कायद्याने त्यांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यातून बाहेरच ठेवलं होतं. आता अटींसह रात्रपाळी खुली झाली आहे. नेमणुकीची सवय मात्र जुनीच आहे.

‘मुलींनाच रात्रपाळी नको असते,’ असं सांगितलं जातं. पण कर्जत-खोपोली रेल्वेमार्गावर गाड्या मोजक्या. केळवली किंवा डोळवलीला उतरून पुढे अंधारात गाव गाठायचं, याला दिलेला नकार कामाला दिलेला नकार नव्हे. रात्री स्त्रियांना कामावर ठेवायचं तर ने-आणीची सोय मालकाने करायची, ही कायद्याचीच अट आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: रात्र जागणाऱ्याला जास्त पैसे मिळणं न्याय्यच नाही का? न्याय्य आहे, भत्ता त्याला मिळालाच पाहिजे. पण प्लांटमध्ये भत्त्याबरोबर उत्पादनाचा अनुभवही मिळतो आणि पुढे शिफ्ट इनचार्ज नेमताना तोच पाहिला जातो. भत्त्यातला फरक मग मूळ पगारात उतरतो आणि तिथेच राहतो.

2024-25 पासून राज्य सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या, ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींचं व्यावसायिक शिक्षणाचं शुल्क माफ केलं. हा खर्च योग्यच आहे, म्हणून मुलींच्या पदवीचं पुढे काय होतं हेही सरकारने विचारावं. सेबीच्या नियमामुळे शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या बड्या कंपन्या स्त्री-पुरुषांचा मध्यक पगार जाहीर करतात. त्यातून नव्याने लागलेल्यांचं चित्र वेगळं दिसत नाही. त्या त्या वर्षी घेतलेल्या पदवीधरांपैकी किती मुली प्लांटमध्ये गेल्या आणि भत्त्यासह प्रत्येकीच्या हाती काय पडलं, हे प्रत्येक कारखान्याला दरवर्षी जाहीर करायला लावावं. कंत्राटदारामार्फत घेतलेल्या मुलीही त्यात मोजाव्यात.