अमर शेख हवेत, पण पथकासकट

दरवर्षी 20 ऑक्टोबर आला की मोबाईलवर शाहीर अमर शेखांचा फोटो फिरायला लागतो. खाली ठरलेला मजकूर असतो: मुसलमान असून मराठीवर एवढं प्रेम, मुसलमान असून संयुक्त महाराष्ट्रासाठी एवढा लढा. आपलेच लोक तो अभिमानाने पुढे पाठवतात. मीही पाठवला आहे. पण त्या ‘असून’मुळे मला आता चीड येते. कुणीतरी आपल्याकडे दाखला मागतोय आणि आपण अमर शेखांचं नाव पुढे करतोय, असं वाटतं. या दाखल्याच्या नादात त्यांनी नेमकं काम काय केलं, कसं केलं, हे कुणी विचारतच नाही.

जन्म 1916 चा, बार्शीचा. मूळ नाव मेहबूब. मोटारीवर क्लीनर, मग गिरणीत कामगार. लोकगीतांचा वारसा आई मुनेरबींकडून आलेला. हे जरा थांबून वाचावं असं आहे. एका मुस्लिम घरात आई मराठी गाणी म्हणत होती आणि त्यातून शाहीर घडला. ‘आपल्या घरात हे चालत नाही’ म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो.

1944 मध्ये अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. पुढे नाव झालं ते तिघांचं, पण ताकद होती पथकाची. नेपथ्य नाही, पडदा नाही, वेशभूषेची पेटी नाही. ढोलकी, डफ, तुणतुणं, झांज. लिहिणारा स्वतः गाणार, गाणारा सोंग घेणार, सोंग संपलं की मागे उभा राहून झील धरणार. डोक्यावरची टोपी बदलली की शेतकऱ्याचा शेठजी होतो. रंगमंचावर एक फेरी मारली की माणूस गावातून मुंबईला पोहोचतो. ही युक्ती तमाशाची, शेकडो वर्षांची, आणि तिला दमडीही लागत नाही. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’ ही अण्णाभाऊंची वगनाट्यं अशीच उभी राहिली. जुन्या तमाशातला देवाचा गण काढून त्यांनी मातृभूमीला आणि श्रमणाऱ्यांना वंदन घातलं, गवळण गाळली. सरकारने तमाशावर बंदी आणली तेव्हा याच गोष्टी लोकनाट्य म्हणून पुढे आल्या. पैसे नाहीत म्हणून काम अडलं, असं या लोकांच्या बाबतीत झालेलं दिसत नाही.

त्यात उणंही होतं. ते पक्षाचं पथक होतं. पक्षाला काय हवं यावर विषय ठरायचे आणि काही वगांतला शेठजी इतका ठोकळेबाज की त्याच्यावर हसून माणूस मोकळा होतो, विचारात पडत नाही. आज कुणी पथक काढलं तर ते कुठल्याही पक्षाच्या झेंड्याखाली नको, आणि जमातीच्याही नको, असं माझं मत आहे.

हे दौंडमध्ये बसून लिहिण्याला कारण आहे. बार्शीहून मुंबईला रेल्वेने जायचं तर कुर्डुवाडीला छोट्या गाडीतून उतरून मोठ्या गाडीत बसायचं आणि ती गाडी दौंडवरूनच जायची. 29 ऑगस्ट 1969 ला अपघातात त्यांचा मृत्यू झाला तो आपल्या शेजारच्या इंदापूरजवळ. अण्णाभाऊ त्याच्या 42 दिवस आधी गेले होते. एवढ्या जवळचा माणूस, आणि आपल्याकडे त्यांच्या नावाने दोन भाषणं आणि हारतुरे.

कलेचं म्हणाल तर तालुक्यात चौफुला आहे. तिथल्या कला केंद्रांत ढोलकी आणि लावणी आजही पोट भरते. आपण त्या रस्त्याने जाताना नजर फिरवतो ही वेगळी गोष्ट. ताल शिकायचा तर पुण्याला क्लास लावायची गरज नाही, एवढंच सांगायचं आहे.

आता मोहल्ल्यातला प्रश्न. पथक म्हटलं की पहिला आक्षेप गाण्याबजावण्यावर येतो. फिकहच्या वादात मी पडत नाही, तेवढा माझा अभ्यास नाही. पण उरुसाला कव्वाली आपल्याला चालते, संदलच्या मिरवणुकीत डीजे चालतो, आणि त्याच्या वर्गणीला कुणी नाही म्हणत नाही. मग दहा पोरांनी रस्त्यावर उभं राहून आपल्याच जगण्यावर नाटक केलं तर अडचण का? वाद्यांवरच हरकत असेल तर वाद्यांशिवाय करू. दिल्लीत सफदर हाश्मींच्या जन नाट्य मंचाने 1978 मध्ये ‘मशीन’ केलं, ते जेमतेम तेरा मिनिटांचं. माणसांच्या अंगांनीच यंत्र उभं केलं होतं.

खरी अडचण मुलींची आहे, हे मान्य करूया. मुलगा नाटकात गेला तर बाप कुरकुरतो, मुलगी गेली तर घरात बैठक बसते. अमुक पोरीचं लग्न कसं जमणार, ही काळजी खोटी नाही. तिला हसून चालणार नाही. पण उपाय मुलींना वगळण्याचा नको. तालीम दिवसा ठेवा, आयांना तालमीला बोलवा. त्यांच्यातली एखादी चाल सांगेल, शब्द दुरुस्त करेल. मुनेरबींचा फोटो कुणाकडे नसेल, पण तशा बायका प्रत्येक गल्लीत आहेत.

विषय शोधायला लांब जायला नको. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांशेजारचं पाणी आहे. हंगामात ऊस तोडायला येणारी कुटुंबं आहेत, त्यांच्या पालातल्या मुलांची शाळा कुठे जाते हा प्रश्न आहे. रोज पुण्याला जाणारी गाडी आहे. तिच्यात दाढीवाला शेजारी बसला की कुणीतरी हळूच सरकून बसतो, आणि भजन म्हणणारी मंडळी त्याच दाढीवाल्याला डबा धरायला सांगतात. दोन्ही एकाच डब्यात घडतं. पहिलं नाटक याचंच व्हावं असं मला वाटतं. आठ माणसं, दोन बाकडी, एक डफ. स्टेशनच्या आवारात रेल्वेने परवानगी दिली तर उत्तम. नाही दिली तर बाहेर रिक्षा थांबतात तिथे जागा आहे, आणि संध्याकाळची गाडी आली की प्रेक्षक आपोआप येतात.