कुंपणच शेत खाऊ लागले तर?



भात पोसवले की आपण रात्र रात्र राखण करतो. रानडुक्कर कोणत्या वाटेने येते हे आपल्याला ठाऊक असते. पण राखणदाराचा संशय मनात येत नाही. मुलांच्या बाबतीत धोका नेमका तेथेच असतो. मुलाला नासवणारा मनुष्य बहुधा ओळखीचा असतो: घरचा, शेजारचा, शाळेतला आणि, सांगताना मान खाली जाते, कधी चर्चमधलाही.

आपल्या गोव्याने हे पाहिले आहे. फातोर्ड्याला फ्रेडी पीट्स नावाचा इसम निराधार मुलांसाठी आश्रम चालवीत असे. लोक त्याला परोपकारी समजत. १९९१ साली त्याला अटक झाली आणि १९९६ साली जन्मठेप. पुढे २००३ साली गोवा बाल कायदा आला, २०१२ साली देशभर पोक्सो कायदा झाला.

तरीही काही घडले की आपण म्हणतो, "घरचे घरात मिटवू, मुलीचे लग्न व्हायचे आहे," किंवा "चर्चचे नाव खराब होईल." माझ्या मते हे पाप झाकणे आहे. नाव सांगितल्याने जात नाही, लपवल्याने जाते. पोक्सोप्रमाणे अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा आहे. पाद्रीलाही यातून सूट नाही. सद्भावनेने कळवणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे, आणि मुलाची ओळख उघड करण्यास मनाई आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली घालून दिलेल्या नियमांप्रमाणे धर्मगुरूंनी व व्रतस्थांनी असे प्रकरण धर्माधिकाऱ्यांना कळवलेच पाहिजे. मात्र त्यामुळे सरकारी कायद्याचे कर्तव्य टळत नाही.

माझी एक चूक सांगतो. पूर्वी एका ठिकाणी असताना वेदीसेवा करणारा एक मुलगा अचानक यायचा बंद झाला. मी त्याला सर्वांदेखत आळशी म्हटले. आईसमोर बसवून "बाळा, काय झाले?" एवढे विचारले नाही. त्याचे उत्तर मला आजही ठाऊक नाही.

म्हणून काही गोष्टी पाळूया. काजूच्या दिवसांत डोंगरावर जाताना मूल कोणाकडे ठेवतो याचा विचार करावा. धर्मशिक्षणाच्या वर्गात दोन मोठी माणसे असावीत व दार उघडे असावे. कोणीही, मग तो फादर का असेना, मुलाला एकटे खोलीत बोलावू नये. मूल एखाद्याकडे जायला नको म्हणाले तर दटावू नये, ऐकावे.

म्हातारी व अपंग माणसेही अशीच परस्वाधीन असतात. आजीच्या दयानंद योजनेचे पैसे कोण आणतो, तिचा अंगठा कोणत्या कागदावर घेतला, हे शेजाऱ्याने विचारले तर ती चोंबडेगिरी नव्हे.

मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. तो भिंतीवर, मुलाचा हात पोचेल तेथे लिहून ठेवा. आणि माझ्याविषयी तक्रार असली तरी गप्प राहू नका. कुंपणाचीही तपासणी व्हायलाच हवी.