सुई रुग्णाच्या हाती, निदान कोणाच्या?

थकवा, विसराळूपणा, तळपायांची आग, बोटांना मुंग्या. लक्षणांची ही यादी वाचून आपल्यालाही ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असावी, अशी शंका ज्याच्या मनाला चाटून गेली नाही, असा मध्यमवर्गीय वाचक विरळाच. त्या यादीखाली इंजेक्शनांचा क्रम आणि ती घरच्या घरी कशी टोचून घ्यावीत याच्या सूचनाही अलीकडे आढळतात. रुग्णाने आपल्या आजाराविषयी वाचावे, हे इष्टच आहे. प्रश्न इतकाच, की ही माहिती त्याला शहाणे करते की नुसते धीट?

कमतरता काल्पनिक नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ब-१२ केवळ सूक्ष्मजंतूच तयार करू शकतात. माणसाला ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते, धान्य-भाजीपाल्यातून नव्हे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे जिल्ह्यातील ग्रामीण गर्भवतींपैकी सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांच्या रक्तात ते कमी आढळले होते.

स्वतः टोचून घेणे हाही अपराध नव्हे. असंख्य मधुमेही रोज इन्शुलिन टोचून घेतात. परंतु त्यांचे निदान आधी झालेले असते आणि हात कोणीतरी शिकवून तयार केलेला असतो. शिवाय इन्शुलिन त्वचेखाली द्यावयाचे असते. ब-१२ बहुधा स्नायूत खोल द्यावे लागते. खरा धोका सुईपेक्षा स्वतःच केलेल्या निदानात आहे.

कारण एकाच कमतरतेची कारणे अनेक असतात. कोणाचा आहार अपुरा असतो. कोणाच्या जठरात ब-१२ च्या शोषणास आवश्यक असलेले प्रथिनच तयार होत नाही. कोणी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या घेत असतो. पहिल्याचे काम पुष्कळदा गोळ्यांनी भागते. दुसऱ्याला जन्मभर उपचार लागतात. रक्ततपासणीपूर्वीच इंजेक्शन घेतले, तर रक्तातील प्रमाण वाढून मूळ पुरावाच पुसट होतो.

बरे वाटणे हाही निर्णायक पुरावा नव्हे. ल्यूसी विल्स या ब्रिटिश संशोधिकेने मुंबईतील गरीब गर्भवतींच्या रक्तक्षयावर यीस्टचा अर्क गुणकारी ठरतो, असे १९३१ मध्ये दाखवून दिले. त्यातील गुणकारी घटक पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. कालांतराने असे आढळले, की ब-१२ कमी असलेल्या रुग्णाचे रक्त फोलिक आम्लाने सुधारते, पण त्याच्या मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. रक्ताचा अहवाल सुधारावा आणि पाय लुळे पडत जावेत, याहून मोठी फसगत कोणती?

एका जीवनसत्त्वाचा नियम दुसऱ्यास लावणे ही आणखी एक चूक. जादा ब-१२ बहुतांशी लघवीवाटे निघून जाते; ‘ड’ जीवनसत्त्व मात्र शरीरात साठते. सहा लाख युनिटांची त्याची इंजेक्शने वारंवार घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. सुईची हयगयही स्वस्त पडत नाही. गुजरातेत मोडासा येथे २००९ मध्ये वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याने कावीळ-ब पसरली व अनेकांचे प्राण गेले. घरच्या केरात टाकलेली सुईदेखील शेवटी कोणा सफाई कामगाराच्याच हातात रुतते.

तेव्हा अशा कोणत्याही माहितीला वाचकाने चार प्रश्न विचारावेत. ती कारण शोधावयास सांगते काय? तपासणी आधी व सुई नंतर, हा क्रम पाळते काय? अपाय, मात्रा आणि वापरलेल्या सुईची विल्हेवाट यांविषयी बोलते काय? आणि जो सांगतो, तोच विकतो काय? पहिल्या तिहींचे उत्तर ‘नाही’ किंवा चौथ्याचे ‘होय’ असेल, तर तो मजकूर कितीही आपुलकीने लिहिलेला असला तरी बाजूला ठेवणेच श्रेयस्कर.

तथापि सारा दोष वाचकाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. बाह्यरुग्ण विभागात तासभर रांगेत उभे राहून ज्याच्या वाट्याला दोन मिनिटे येतात, तो उरलेली उत्तरे अन्यत्र शोधणारच. आपली वैद्यकीय महाविद्यालये आणि पालिका रुग्णालये या विषयावर सोप्या मराठीत, जबाबदारीने लिहिलेले एक पानही प्रत्येक रुग्णाच्या हाती देणार नसतील, तर ती जागा विक्रेते भरून काढतील. रुग्णाच्या हाती सुई द्यावयाची असेल, तर तिच्याआधी हे पान दिले गेले पाहिजे.